विजेचे माहेर कोठे?

(वसई येथील एका व्याख्यानमालेत निवृत्त विद्युत अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ.)



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी मला विषय दिला तो 'देशाची वीज आणि तिची उगमस्थाने' असा. विषय अफाट आहे आणि माझ्यापाशी तासभराचा अवधी आहे. म्हणून मी दिल्लीपासून आरंभ न करता विरारच्या फलाटापासून करतो. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक मंडळींचे अर्धे आयुष्य त्या फलाटाच्या आसपास गेलेले आहे, तेव्हा वाट चुकण्याचे भय नाही.

बोरिवली ते विरार या मार्गाचे विद्युतीकरण १९३६ साली झाले. त्यापूर्वी आठच वर्षे, १९२८ साली, कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली होती. गावात घरोघरी कंदील असताना रुळांवर मात्र १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह खेळत होता. पुढे सत्तरच्या दशकात विरारच्या उत्तरेस गुजरातकडे विद्युतीकरण झाले, ते २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर. परिणामी विरार हा दोन विजांचा सीमाप्रदेश बनला. गुजरातकडे जाणारी गाडी विरार ओलांडत असता इंजिनाचा घरघराट क्षणभर थांबे, गाडी आपल्याच वेगावर पुढे सरके आणि मग दुसऱ्या विजेवर इंजिन पुन्हा बोलू लागे. त्यासाठी दोन्ही प्रवाहांवर चालणारी खास इंजिने देशात बनवली गेली. २०१२ साली चर्चगेटपर्यंतचा सारा मार्ग प्रत्यावर्ती प्रवाहावर आला आणि हा सीमाप्रदेश इतिहासजमा झाला. जुने प्रवासी मात्र अजूनही विरार आले की क्षणभर कान टवकारतात. मीही त्यातलाच.

त्या १९३६ च्या गाडीला वीज येत होती कोठून? सह्याद्रीच्या माथ्यावरून. जमशेटजी टाटांनी पाहिलेले स्वप्न त्यांच्या पश्चात, १९१५ साली खोपोलीस साकार झाले. लोणावळ्याच्या परिसरात बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचे, ही मूळ कल्पना. त्या धबधब्याच्या बळावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पाठोपाठ १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. कोळशाची खाण शेकडो कोस दूर असलेल्या मुंबईला घाटाने वीज दिली. आपण ज्या कड्यांवरून पावसाळ्यात पाणी कोसळताना पाहून 'वा!' म्हणतो, त्या कड्यांची उंची म्हणजे साठवलेली शक्तीच आहे, हे ओळखणारी दृष्टी थोर खरीच.

परंतु याच कथेचे दुसरे पान मुळशीच्या खोऱ्यात लिहिले गेले आहे. भिऱ्याच्या केंद्रासाठी नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण होणार, मावळातील पन्नासहून अधिक गावे त्याच्या पोटात जाणार, हे स्पष्ट झाले तेव्हा १९२१ साली तेथे सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी समाजाने दिली ती याच लढ्यात. टाटांचा उद्योग स्वदेशी होता आणि मावळ्यांची भातखाचरेही स्वदेशीच होती. अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी? सेनापतींनी उत्तर दिले आणि त्यासाठी कारावासही भोगला. धरण मात्र झाले. आज शंभर वर्षांनंतरही मला हा प्रश्न सुटलेला वाटत नाही. प्रामाणिकपणे सांगतो, मी ज्या खात्यात आयुष्य काढले तेथे हा प्रश्न विचारणे शिष्टाचाराला धरून नव्हते.

आता कोयना. तिला महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणण्याची प्रथा पडली आहे. साठच्या दशकाच्या प्रारंभी पहिला टप्पा सुरू झाला, १९६७ च्या ११ डिसेंबरला भूकंपाने सारा परिसर हादरला, तरीही काम थांबले नाही. मार्च १९९९ मध्ये तलावाच्या तळाशी बोगद्याचे तोंड स्फोटाने उघडण्याचा अवघड प्रयोग आपल्या अभियंत्यांनी यशस्वी केला आणि चौथ्या टप्प्याचे १००० मेगावॅट हाती आले. आज सारे टप्पे मिळून १९६० मेगावॅट होतात. पण कोयनेचे खरे मोल आकड्यात नाही, तिच्या तत्परतेत आहे. कोळशाचे केंद्र म्हणजे गजराज. थंड झालेला बाष्पक तापवून पुन्हा उभा करायला कित्येक तास लागतात. कोयनेची झडप उघडली की काही मिनिटांत चाक पूर्ण वेगाने फिरू लागते. सायंकाळी सात वाजता राज्यभरच्या घरांत एकाच वेळी दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात तेव्हा जी धावाधाव होते, ती कोयना निभावून नेते. अर्थात पाणी मोजके आहे. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला लवादाने ६७.५ अब्ज घनफुटांची वार्षिक मर्यादा घातलेली आहे. म्हणजे ही तिजोरी आहे, तिला बारमाही झरा समजून चालत नाही.

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. विजेचा साठा करता येत नाही, निदान मोठ्या प्रमाणावर फार थोडा करता येतो. ज्या क्षणी आपण बटण दाबतो, त्याच क्षणी कोठेतरी तेवढी वीज निर्माण व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती अपुरी पडली की साऱ्या जाळ्याची कंप्रता ५० वरून घसरू लागते. ती फार घसरली तर संच स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतात आणि मग अंधार जिल्ह्याजिल्ह्याने पसरतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारतात तेच घडले. कोट्यवधी माणसे अंधारात गेली. ते घडू नये म्हणून नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला आधीच कोणाची तरी वीज तोडावी लागते. वृत्तपत्रांतून ज्याला 'भारनियमन' असे सोवळे नाव आहे, ते हेच.

ते काम काही वर्षे मी केले. २००५ ते २००७ हा काळ तुमच्या स्मरणात असेल. राज्यात तूट मोठी होती. समोरच्या काट्यावर कंप्रता ४९ च्या खाली जाऊ लागली की फोन उचलायचा आणि भार कमी करण्यास सांगायचे. कोणत्या विभागात किती तास अंधार, याचे गणित ठरलेले असे. जेथे वीजगळती आणि थकबाकी अधिक, तेथे भारनियमन अधिक. कागदावर हा न्याय दिसतो. पण ज्या गल्लीत एक आकडा टाकणारा आणि नऊ जण वेळेवर बिल भरणारे, तेथे शिक्षा दहाही जणांना होत असे. एका मार्चमध्ये मी असाच फोन केला. तासाभराने घरून पत्नीचा फोन आला, पुतण्याचा दहावीचा पेपर दुसऱ्या दिवशी होता आणि तो गच्चीवर मेणबत्ती लावून बसला होता. "तुम्हाला काही करता येत नाही का?" तिने विचारले. मी म्हणालो, "नाही." वीज मीच तोडली आहे, हे मी तिला त्या दिवशी सांगितले नाही. पुतण्या उत्तीर्ण झाला, आज अभियंता आहे, पण ती मेणबत्ती माझ्या डोक्यातून गेली नाही.

वसई-पालघर पट्ट्यातील कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी का, असे मला तरुण मंडळी विचारतात. तेही याच टंचाईचे अपत्य. सर्व औद्योगिक वसाहतींनी एकाच दिवशी यंत्रे चालवू नयेत म्हणून सुट्टीचे वार वाटून दिले गेले. टंचाई सरली तरी वार चिकटून राहिला.

आता तारापूर. विरारहून डहाणूची लोकल धरली की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. अंतर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र आपल्या एवढ्या शेजारी आहे आणि आपल्यापैकी कितीजणांना त्याची कथा ठाऊक आहे? मला स्वतःला नोकरीत दहा वर्षे झाल्यावर ती नीट समजली.

डॉ. होमी भाभांनी जागा निवडली ती विचारपूर्वक. पश्चिम किनारा कोळशाच्या खाणींपासून दूर, मुंबई आणि गुजरात ही दोन्ही भुकेली गिऱ्हाईके जवळ आणि थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी दाराशी. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आराखड्याच्या, पाणी उकळून थेट वाफ देणाऱ्या दोन भट्ट्या उभ्या राहिल्या. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. भाभा मात्र ते पाहण्यास हयात नव्हते, जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला होता. वीज महाराष्ट्र आणि गुजरात यांनी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची ठरली.

या भट्ट्यांना लागते समृद्ध युरेनियम. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये विखंडनक्षम अंश शेकडा एकाहूनही कमी, सुमारे ०.७ टक्का असतो. तो वाढवण्याचे तंत्र तेव्हा आपल्यापाशी नव्हते. करारानुसार इंधन अमेरिकेने पुरवायचे होते, तेही तीस वर्षे. स्वाक्षऱ्या झाल्या, तोपर्यंत सारे गोड होते. १९७४ साली आपण पोखरणला अणुचाचणी केली. १९७८ साली अमेरिकेने आपल्याच देशात नवा कायदा केला आणि तो कायदा जुन्या करारालाही लागू आहे, अशी भूमिका घेतली. तारापूरच्या भट्टीची चूल पेटलेली आणि सरपण देणारा शेजारी म्हणतो, आधी तुझ्या घराच्या साऱ्या खोल्या मला तपासू दे! दिल्लीतील सरकारे बदलली, पण या मागणीला कोणत्याही सरकारने मान तुकवली नाही, हे नमूद केले पाहिजे. १९८२ साली तडजोड निघाली आणि फ्रान्सने इंधन दिले. त्याचीही मुदत १९९३ साली संपली. त्यानंतर १९९५ मध्ये चीनकडून, पुढे रशियाकडून इंधन आले. ज्या चीनशी आपण १९६२ मध्ये लढलो, त्याच्या युरेनियमवर वसईचे दिवे लागले असतील, ही नियतीची थट्टाच म्हणावी लागेल.

मधल्या काळात आपले शास्त्रज्ञ स्वस्थ बसले नव्हते. भाभा अणुसंशोधन केंद्राने प्लुटोनियम मिसळलेले मिश्र इंधन तयार केले आणि नव्वदच्या दशकात त्याच्या काही जुड्या तारापूरच्या भट्टीत वापरून पाहिल्या. भट्ट्यांचे दुखणेही येथेच निस्तरले गेले. दुय्यम बाष्पजनित्रांतील नळ्या गळू लागल्याने ती बाजूला काढावी लागली आणि २१० मेगावॅटच्या भट्ट्या १६० वर आल्या. सुटे भाग परदेशातून मिळण्याची वाट बंद झाली होती. किरणोत्सर्गी भागात दुरुस्ती करायची म्हणजे एकेका माणसाने मोजकी मिनिटे आत जायचे, एखादा बोल्ट सैल करायचा आणि बाहेर यायचे, मग दुसऱ्याने जायचे. अशा रीतीने ते केंद्र अर्धशतक चालले. २०२० साली दोन्ही भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या.

या अनुभवातून उमगलेले शहाणपण म्हणजे तारापूरचा तिसरा आणि चौथा संच. या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, त्यांना जड पाणी लागते आणि जड पाणी आपण देशातच तयार करतो. आराखडा आपला, यंत्रे आपल्या कारखान्यांतली, प्रत्येकी ५४० मेगावॅट. चौथा संच आधी, सप्टेंबर २००५ मध्ये, आणि तिसरा ऑगस्ट २००६ मध्ये वीज देऊ लागला. अशा भट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून सुमारे ५० हजार युनिट वीज मिळते. तेवढ्याच विजेसाठी ३० ते ३५ टन कोळसा, म्हणजे तीन-चार ट्रक, जाळावा लागतो.

हे सांगताना माझी मान ताठ होते. पण तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली, हेही याच श्वासात सांगितले पाहिजे. मच्छीमार आणि शेतकरी यांची ती गावे. किनाऱ्यावर होडी लावणाऱ्या माणसाला आत पुनर्वसन वसाहतीत पक्के घर दिले म्हणजे त्याचे पुनर्वसन झाले, असे कागद म्हणतो. कोळ्याला समुद्र भरून मिळत नाही. नोकऱ्या, भरपाई, मासेमारीची वाट यांसाठी त्या लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, न्यायालयाची पायरी चढावी लागली. मुळशीचे मावळे १९२१ सालचे, पोफरणचे कोळी आपल्या डोळ्यांदेखतचे. सेनापती आज असते तर बोईसरला उतरले असते की नाही?

भीतीविषयीही बोलतो, कारण प्रश्नोत्तरांत ती येणारच. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमाच्या भट्ट्यांचा अपघात झाला. तेथील पहिली भट्टी तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांच्याच जातीची, त्याच कंपनीची. त्सुनामीने जनित्रे बुडाली, भट्टीला पाणी देणारे पंप थांबले. त्यानंतर आपल्या सर्व अणुकेंद्रांची तपासणी झाली आणि बाहेरची वीज पूर्णपणे गेली तरी भट्टीला पाणी देता यावे, अशा जादा सोयी करण्यात आल्या. धोका शून्य आहे असे कोणी अभियंता सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. धोका कोठे आहे, हे मोजून ठेवलेले आहे का आणि ते शेजाऱ्यांना सांगितले आहे का, हे विचारा. या दुसऱ्या बाबतीत आपली अणुखात्याची परंपरा जरा अधिकच मौनव्रती आहे, असे माझे मत आहे.

कोळशाविषयी थोडक्यात. १९४७ साली देशाची स्थापित क्षमता होती १३६२ मेगावॅट. २०२५ मध्ये ती ५ लाख मेगावॅटच्या पुढे गेली. क्षमतेच्या आकड्यात आता सूर्य, वारा, पाणी आणि अणू मिळून निम्म्याहून अधिक आहेत, हे वृत्तपत्रांनी मोठ्या मथळ्यांत छापले. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. २०२४-२५ मध्ये निर्माण झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. अणुविजेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. चंद्रपूर, कोराडी, तिरोडा येथील माणसे राख खातात तेव्हा आपला पंखा फिरतो. आपल्याच जिल्ह्यात डहाणूला ५०० मेगावॅटचे केंद्र १९९५ पासून आहे. चिकूच्या बागांच्या त्या तालुक्याने त्याविरुद्ध न्यायालयात दीर्घ झुंज दिली आणि अखेर धुरातील गंधक काढणारे संयंत्र बसवून घेतले. देशातील बहुसंख्य केंद्रांत ते आजही नाही. जागरूक समाज काय करू शकतो, याचा हा शेजारचा दाखला.

दाभोळचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९९२ साली एन्रॉनशी समझोता, १९९९ साली पहिला टप्पा, २००१ साली केंद्र बंद. वीज खरेदीचा दर डॉलरशी बांधलेला, आरंभी नाफ्था आणि पुढे बाहेरून आणायचा वायू, आणि वापरली नाही तरी पैसे द्यायचे असा करार. तारापूरचा धडा घोकलेल्या राज्याने तीस वर्षांनी तीच चूक अधिक व्याजाने केली. केंद्राची यंत्रे निर्दोष होती. दोष होता तो इंधन आणि पैसा या दोन्ही किल्ल्या परक्याच्या कनवटीला देण्यात.

म्हणूनच सूर्याविषयी बोलतानाही मला तीच किल्ली दिसते. सौर पट्ट्या आता देशात मोठ्या प्रमाणावर बनतात. पण त्यांच्या पोटातील सिलिकॉनच्या चकत्या अजून बहुतांशी चीनमधून येतात. ऊन स्वदेशी, आरसा परदेशी. शासनाच्या घरगुती योजनेत देशी बनावटीच्याच पट्ट्यांची अट आहे, ती योग्य आहे. दुसरी अडचण वेळेची. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी सुमारे अडीच लाख मेगावॅटवर गेली. भर दुपारचा ताण सूर्य उचलतो, पण सहा वाजता तो घरी जातो आणि नेमके तेव्हाच आपण घरी येतो. त्या घटकेला पुन्हा कोयना, पुन्हा कोळसा. मोठे विद्युत-संचय आणि पाणी परत वर चढवून ठेवणारी केंद्रे वाढतील तेव्हाच ही सांधेजोड होईल.

वसई-विरारपुरते एक व्यवहाराचे बोलतो. आपल्या पश्चिमेच्या वाड्यांत रहाट जाऊन विजेचे पंप आले, केळीला पाणी मिळाले आणि अतिउपशाने अनेक विहिरी खाऱ्या झाल्या. पूर्वेला चार मजली इमारतींचे अरण्य उभे राहिले. त्या प्रत्येक इमारतीला गच्ची आहे आणि बहुतेक गच्च्यांवर गळतीमुळे पत्रे घातलेले आहेत. पत्र्याचा सांगाडा मजबूत असेल, तर सौर पट्ट्या त्यावरही बसतात. एक किलोवॅटच्या पट्ट्या दिवसाला सरासरी चार युनिट देतात, पावसाळ्यात कमी. जिना, पंप, लिफ्ट यांच्या सामायिक विजेसाठी गृहनिर्माण संस्थांना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत दर किलोवॅटला १८ हजार रुपयांचे साहाय्य आहे. आमच्या संस्थेत हा ठराव दोनदा फेटाळला गेला. कारण विजेचे नव्हते, गच्चीवर लोणची-पापड कोठे वाळवायचे हे होते. तिसऱ्या सभेत भगिनींसाठी दक्षिणेचा कोपरा मोकळा सोडून आराखडा मांडला आणि ठराव एकमताने संमत झाला. दहा किलोवॅट बसले. पोफरणच्या कोळ्याचा समुद्र त्याने परत येत नाही, हे मी जाणतो. सामायिक वीजबिल मात्र निम्म्यावर आले आहे.

वेळ संपत आली आहे. ज्यांना आपल्या गच्चीचा अंदाज हवा असेल त्यांनी नाव आणि पत्ता कार्यवाहांकडे लिहून द्यावा. रविवारी सकाळी मी मोकळा असतो. मोजपट्टी माझी, शिडी आपण द्यावी.